हिंगणबेट जंतावर चालतं का? तपासायचं कसं

शिरपूरला फार्मसीच्या पोरांची प्रॅक्टिकलं घेते. प्रोजेक्टचा मोसम आला की कोणीतरी हिंगणबेट घेऊन येतंच, आणि लगेच अगर प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीत, जिवाणू मारायला निघतं. मी विचारते, तुझी आजी हे फळ कशावर देते? जंतावर. मग जिवाणू कशाला? दावा जंताचा, तर परीक्षाही त्याचीच घ्या.

सहारापासून राजस्थानपर्यंत वाढणारं हे झाड आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला, माळरानावर सापडतं. बोटभर हिरवे काटे आणि एका देठाला दोनच पानं, ही त्याची खूण. तरी फांदी वाळवून वनस्पतीशास्त्राच्या सरांकडून नाव नक्की करून घ्या. फळं पिकलेली, पिवळट घ्या. साल काढा, गर चिकट असतो, पातळ पसरून सावलीत वाळवा. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात टाकू नका.

आजी गर पाण्यात कोळून देते, म्हणून अर्कही पाण्यातच काढा. १० ग्रॅम गर, १०० मिली पाणी, रात्रभर भिजवून गाळा. त्यातलं १० मिली वजन केलेल्या बशीत वॉटर बाथवर आटवा, म्हणजे दर मिलीला किती मिलिग्रॅम ऐवज आहे ते कळतं. त्यात साखरही मोजली जाते, हे वहीत लिहा.

आता गांडुळं, जंतांच्या जागी पहिल्या चाचणीसाठी. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेतली, सारख्या लांबीची घ्या. गांडूळखताच्या वाफ्यातली जात वेगळी, ती यात मिसळू नका. ०.९ टक्के सलाइननं, म्हणजे मिठाच्या पाण्यानं, धुवून प्रत्येक बशीत सहा सोडा. एका बशीत नुसतं सलाइन, एकीत जंताचं नेहमीचं औषध अल्बेंडाझोल, बाकीच्यांत अर्क १०, २५ आणि ५० मिलिग्रॅम दर मिली. बशी हलवल्याशिवाय हालचाल होत नसेल तर ती वेळ लुळं पडण्याची. ५० अंशांच्या पाण्यातही वळवळ नसेल तर मेलं.

यापुढचं कोणी करत नाही, म्हणून सांगते. हिंगणाच्या गरात सॅपोनिन, म्हणजे साबणासारखं फेस आणणारं द्रव्य, भरपूर. परीक्षानळीत अर्क हलवा, फेस पंधरा मिनिटंही टिकतो. पूर्वी यानं कपडे धूत ते उगाच नाही. साबणासारखं पाणी गांडुळाची कातडी जाळणारच! म्हणून आणखी एक बशी रिठ्याच्या पाण्याची ठेवा, फेस हिंगणाएवढाच येईल इतकं पातळ करून. रिठ्यातही गांडुळं तेवढ्याच वेळात मेली, तर तुम्ही बहुधा फेसाचाच प्रताप मोजलात. हिंगण स्पष्टपणे पुढे गेलं, तर पुढच्या तपासणीला अर्थ आहे, आणि तीही खऱ्या कृमींवर. गांडूळ पोटातला जंत नव्हे, त्यामुळे निष्कर्षात ‘औषध सिद्ध’ लिहिलेलं मला दिसलं तर वही परत.

अर्क चाखू नका, कोणाला देऊ तर मुळीच नका. उरलेला नाल्यात किंवा विहिरीत ओतायचा नाही, माशांना तो विष आहे.