डीडूप अप्लायन्सवर बॅकअप घेताय? टेपच्या काळातली ही सेटिंग्ज आधी बदला

डीडूप अप्लायन्स (एकसारखा डेटा एकदाच साठवणारा बॅकअपचा बॉक्स) बसवून काही महिने झाले, सांगितला होता २०:१ चा रेशो, म्हणजे २० टीबी बॅकअप १ टीबी जागेत, आणि प्रत्यक्षात गाडी ३:१ च्या पुढे जात नाही. अशा वेळी बहुतेक जण बॉक्सवर संशय घेतात आणि व्हेंडरकडे तिकीट टाकतात. दोष बहुधा बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगरेशनमध्ये सापडतो. टेप लायब्ररीसाठी विचारपूर्वक ठरवलेली सेटिंग्ज तशीच पुढे आलेली असतात आणि डीडूपला तीच मारक ठरतात.

अप्लायन्स येणाऱ्या स्ट्रीमचे छोटे तुकडे करतो, प्रत्येकाचा फिंगरप्रिंट (ओळख पटवणारा कोड) काढतो आणि आधी न पाहिलेला तुकडाच साठवतो. डेलच्या डेटा डोमेन अप्लायन्समध्ये हे तुकडे साधारण ४ ते १२ केबीचे असतात. म्हणजे कालचाच डेटा आज आला तर तो बाइट-न-बाइट कालच्यासारखाच दिसायला हवा. वाटेत त्याचं रूप बदललं की बॉक्सच्या लेखी तो नवा डेटा.

कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन, मल्टिप्लेक्सिंग

रूप बदलण्यात पहिला नंबर कॉम्प्रेशनचा. मूळ फाइलमध्ये थोडासा बदल झाला तरी कॉम्प्रेस केलेल्या स्ट्रीमचा पुढचा बराच भाग वेगळा होतो. त्यामुळे एसक्यूएल सर्व्हरचं बॅकअप कॉम्प्रेशन आणि आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप टूलचा कॉम्प्रेस्ड बॅकअपसेट दोन्ही बंद ठेवा. डीबीए (डेटाबेस सांभाळणारी) मंडळी याला विरोध करतात, कारण नेटवर्कवरचा भार वाढतो. त्यांची काळजी रास्त आहे. उत्तर डेटा डोमेनच्या डीडी बूस्ट किंवा एचपीई स्टोअरवन्सच्या कॅटालिस्टच्या सोर्स-साइड डीडूपमध्ये (डेटा पाठवण्याआधीच होणाऱ्या डीडूपमध्ये) आहे: तिथे नवे तुकडेच वायरवरून जातात. व्हीम या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये मात्र जॉबचं कॉम्प्रेशन चालू ठेवून रिपॉझिटरीत (बॅकअप ठेवायच्या जागेत) साठवण्यापूर्वी डेटा डिकॉम्प्रेस करण्याचा पर्याय निवडायचा. हा एक टिक राहून गेल्यानेही रेशो कोसळतो.

जॉबमधलं एन्क्रिप्शन याहून वाईट, कारण तोच डेटा दर वेळी नव्या रूपात येतो. सुरक्षेशी तडजोड करा असं मी अजिबात म्हणत नाही. साठवलेल्या डेटासाठी अप्लायन्सचं एन्क्रिप्शन वापरा आणि वाटेतल्या डेटासाठी टीएलएस.

मल्टिप्लेक्सिंगची गरज टेप ड्राइव्ह थांबू नये म्हणून होती. अनेक क्लायंटचे ब्लॉक एकाच स्ट्रीममध्ये मिसळले जातात आणि मिसळण्याचा क्रम रोज बदलतो. नेटबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरच्या शेड्यूलमध्ये मल्टिप्लेक्सिंग १ करा, आरमॅनमध्ये फाइल्सपरसेट (एका बॅकअपसेटमध्ये किती फाइल घ्यायच्या) १. वेग हवा असेल तर समांतर स्ट्रीम वाढवा, पण तुमच्या मॉडेलची स्ट्रीम मर्यादा पाहून. ती ओलांडली की जॉब अधूनमधून फेल होतात आणि कारण शोधण्यात रात्री जातात.

नेमकं कुठे बिघडलंय हे ओळखायची एक सोपी रीत आहे. एखाद्या क्लायंटचा फुल बॅकअप लागोपाठ दोनदा घ्या. दुसऱ्या वेळी नवा डेटा जवळपास शून्य लिहिला जायला हवा. तसं झालं नाही तर वाटेत कोणीतरी स्ट्रीम बदलतंय. डेटा डोमेन कॉम्प्रेशनच्या अहवालात ग्लोबल (डीडूपमुळे झालेली बचत) आणि लोकल (उरलेले तुकडे कॉम्प्रेस करून झालेली बचत) असे दोन आकडे वेगळे दाखवतो. लोकल आकडा १ च्या आसपास असेल तर डेटा आधीच कॉम्प्रेस किंवा एन्क्रिप्ट होऊन आलेला आहे. अर्थात जेपीईजी आणि व्हिडिओच भरलेला फाइल सर्व्हर असेल तर हा आकडा कमीच दिसणार, तिथे सेटिंगला दोष देऊ नका.

जुने बॅकअप उडवले, तरी जागा सुटत नाही

सगळ्यात जास्त घबराट इथे होते. कपॅसिटी ९५ टक्क्यांवर, म्हणून कोणीतरी घाईने जुन्या इमेज (बॅकअपच्या प्रती) एक्स्पायर करतं, म्हणजे त्यांची मुदत संपवतं, आणि आकडा हलत नाही. जागा तीन टप्प्यांत सुटते: सॉफ्टवेअरमध्ये इमेज एक्स्पायर होणं, सॉफ्टवेअरच्या क्लीनअप जॉबने प्रत्यक्ष फाइल डिलीट होणं आणि मग अप्लायन्सचं क्लीनिंग (कोणालाच न लागणारे तुकडे काढून टाकणं). डेटा डोमेनवर क्लीनिंग मूळ सेटिंगनुसार आठवड्यातून एकदा, मंगळवारी सकाळी ६ वाजता चालतं. शिवाय उडवलेल्या बॅकअपचे तुकडे नव्या बॅकअपलाही लागत असतील तर ते जागेवरच राहतात. म्हणून एक जुना फुल उडवल्याने फारसं काही मिळत नाही.

व्हीटीएल (डिस्कवरच टेप लायब्ररीचा आभास देणारी सोय) असेल तर आणखी एक गोम आहे. व्हर्च्युअल टेप एक्स्पायर झाली तरी ती पुन्हा लेबल किंवा ओव्हरराइट होईपर्यंत डेटा आत तसाच असतो. विसरलेले स्नॅपशॉट आणि मागे पडलेलं रेप्लिकेशनही (दुसऱ्या अप्लायन्सवर प्रत पाठवणं) जागा अडवून ठेवतात. क्लीनिंग रोज लावू नका, ऐन बॅकअप विंडोत तर नकोच. माझ्या मते ८० टक्क्यांना अलर्ट हवा, कारण पूर्ण भरलेल्या बॉक्सवर क्लीनिंगलाही हातपाय हलवायला जागा उरत नाही. आणि शेअरवर जाऊन हाताने फाइल कधीही डिलीट करू नका. कॅटलॉगला (कोणता बॅकअप कुठे आहे याच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदवहीला) त्याचा पत्ता नसतो आणि रिस्टोअरच्या वेळी इमेज नुसती यादीत दिसते.

दुसरी प्रत आणि लॉक

डीआर साइटवरची (आपत्तीसाठी राखलेल्या दुसऱ्या ठिकाणची) प्रत शक्यतो बॅकअप सॉफ्टवेअरच्या नियंत्रणाखाली बनवा, नेटबॅकअपमध्ये ऑप्टिमाइझ्ड डुप्लिकेशनने. अप्लायन्सने परस्पर रेप्लिकेट केलेली प्रत कॅटलॉगला माहीत नसते. ऐन संकटात ती इम्पोर्ट करत बसावं लागतं.

रिटेन्शन लॉकचा (ठरलेल्या मुदतीपर्यंत फाइल बदलू किंवा उडवू न देणाऱ्या सोयीचा) कालावधी जॉबच्या रिटेन्शनपेक्षा (बॅकअप ठेवायच्या मुदतीपेक्षा) जास्त ठेवला तर रोज डिलीट फेल झाल्याचे एरर येतात. फॉरएव्हर इन्क्रिमेंटलमध्ये (एकच फुल आणि पुढे कायम फक्त बदलांचे बॅकअप) जुनी फुल फाइल मर्ज करताना बदलावी लागते. लॉक ते होऊ देत नाही, त्यामुळे ही दोन्ही एकत्र लावू नका.

कनेक्शनच तुटत असेल तर आधी फायरवॉल पाहा. डीडी बूस्टला १११, २०४९ आणि २०५२ हे पोर्ट लागतात, रेप्लिकेशनला २०५१, तर स्टोअरवन्स कॅटालिस्टला ९३८७ आणि ९३८८. अपग्रेडनंतर बिघडलं असेल तर बॅकअप सर्व्हरवरच्या बूस्ट किंवा कॅटालिस्ट प्लगइनची आवृत्ती तपासा.

रिस्टोअरचा वेग

डीडूप केलेला डेटा वाचताना विखुरलेले तुकडे पुन्हा जोडावे लागतात, म्हणून व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) थेट अप्लायन्सवरून इन्स्टंट रिकव्हरीने, म्हणजे पूर्ण रिस्टोअर न करता बॅकअपवरूनच, चालू केली तर ती रखडते. शेवटच्या काही दिवसांचे बॅकअप साध्या डिस्कवर ठेवा आणि तिथून अप्लायन्सवर कॉपी करा. एक्साग्रिड या डीडूप अप्लायन्सची लँडिंग झोन (ताजे बॅकअप डीडूप न करता ठेवायची जागा) याच विचाराने बांधलेली आहे. आरटीओचा (किती वेळात सगळं परत चालू करू याचा) आकडा कागदावर लिहिण्याआधी तुमच्या सगळ्यात मोठ्या डेटाबेसचा पूर्ण रिस्टोअर अप्लायन्सवरून एकदा करून बघा, आणि तोही रात्रीचे बॅकअप चालू असताना.