गड्ड्याला नातवंडाला नेताना

जानेवारीत सोलापुरात होम मैदानावर सिद्धरामेश्वरांचा गड्डा, म्हणजे त्यांच्या यात्रेची जत्रा, भरली की नातवंडं आजी-आजोबांच्या मागे लागतातच. न्याच, पण दुपारी चारलाच निघा. दिवे लागले की गर्दी वाढते आणि रांगेत उभं राहून गुडघे बोलायला लागतात. अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या, आणि शोभेच्या दारूकामाच्या दिवशी मात्र चिमुरड्यांना घरीच ठेवलेलं बरं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन नंबर. आम्ही नातीच्या मनगटावर बॉलपेनने लिहिला होता. जिलेबीचा पाक ओल्या रुमालाने पुसला आणि त्याबरोबर नंबरही गेला. तेव्हापासून मी फ्रॉकच्या आतून नंबर लिहिलेली कापडी पट्टी टाचते. शिवाय आत शिरतानाच एक ठळक दुकान दाखवून ‘चुकलीस तर इथेच थांब हं’ असं तिच्याकडून दोनदा वदवून घेते.

पाळण्याचं तिकीट काढण्याआधी एक फेरी नुसती बघू द्या. पोर मागे सरकलं तर आग्रह नको. आकाशपाळणा मोठ्यांसाठी, छोट्यांसाठी जमिनीलगत फिरणारे घोडे, मोटारी पुष्कळ. खाणं पाळण्यानंतरच. पिशवीत पाणी, स्वेटर आणि बसायला जुनी सोलापुरी चादर असू द्या.