जुन्या घराला नवे साइडिंग लावताना या चुका टाळा

लाकडी सांगाड्याच्या जुन्या घराची बाहेरची बाजू विद्रूप दिसू लागली, की बहुतेक जण नवे साइडिंग, म्हणजे भिंतीला बाहेरून लावायचे फळ्यांचे आवरण, कोणते घ्यावे याच विचाराला लागतात. खरे तर त्याआधी जुना रंग का सुटला, हे शोधायला हवे. रंगाचे पोपडे थेट कोऱ्या लाकडापासून सुटत असतील, तर ओल बहुधा फळीच्या मागून येत आहे. केवळ वरचा थर खालच्या थरावरून निघत असेल, तर दोष बहुतेक वेळा रंगकामापूर्वीच्या तयारीत असतो. पहिल्या प्रकारात गळका पन्हाळ, खिडकीच्या चौकटीचे कोपरे आणि न्हाणीघरातील वाफ यांचा माग काढल्याशिवाय नवी फळी ठोकणे म्हणजे ओल आत कोंडून घेणे होय. संशयाच्या जागी लाकडात स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते सहज रुतले, तर तेवढा भाग आधी बदलावा.

जुना थर तपासणी न करता खरवडणे किंवा फोडणे ही याहून गंभीर चूक आहे. जुन्या रंगात शिसे आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि दोन्हींची धूळ आरोग्याला घातक असते. नमुना तपासून घेतल्यावरच कामाला हात घालावा.

साहित्य निवडताना केवळ ‘टिकाऊ’ हा शब्द पुरेसा नाही. पुढे त्यावर पुन्हा रंग देता येईल का, हेही विचारावे. व्हायनिल या प्लास्टिकच्या साइडिंगला रंग देता येतो, परंतु मूळ छटेपेक्षा गडद रंग दिल्यास उन्हाची अधिक उष्णता शोषून पट्ट्या वाकण्याचा धोका असतो. रंगवण्याचाच विचार पक्का असेल, तर माझा कल फायबर सिमेंटकडे आहे. सिमेंट, वाळू आणि सेल्युलोजचे तंतू यांचा हा बोर्ड लाकडासारखा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि हवामानानुसार तो लाकडापेक्षा कमी फुगतो-आकसतो, म्हणून त्यावरचा रंगही अधिक काळ तग धरतो. मात्र तो जड असतो, आणि कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसांना अपाय करते. त्यामुळे तो उघड्यावर, धूळ ओढून घेणारे यंत्र जोडून आणि योग्य मास्क लावूनच कापावा. घराचे मूळ रूप जपण्यासाठी लाकूडच हवे असेल, तर तेही उत्तम टिकते, पण फळी भिंतीवर चढण्यापूर्वी तिच्या सहाही बाजूंना प्राइमर लागलेला असावा.

चांगले साहित्य घेऊनही काम बिघडते, ते कडांपाशी. लाकडाची फळी आपल्या कापलेल्या टोकातून झपाट्याने पाणी शोषते, आणि लाकडाच्या भुशापासून किंवा कपच्यांपासून बनवलेल्या बोर्डाच्या कडा उघड्या राहिल्या तर त्या फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. म्हणून जागेवर कापलेली प्रत्येक कड त्याच वेळी प्राइमरने बंद करावी. ‘शेवटी एकदम करू’ म्हटले, की ती कड फळीखाली झाकली जाते आणि राहून जाते. जमीन आणि सर्वांत खालची फळी यांच्यात साधारण 15 सेंटीमीटर अंतर ठेवावे, अन्यथा पावसाचे शिंतोडे तिला सतत भिजवत राहतात. फळ्यांच्या मागे उभ्या पट्ट्या ठोकून सुमारे 1 सेंटीमीटरची पोकळी सोडणे मला खर्चाच्या मानाने फार मोलाचे वाटते, कारण आत शिरलेले पाणी तिथून खाली वाहून जाते आणि हवाही खेळती राहते.

सीलंटचा, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लेपाचा, अतिरेकही टाळावा. एकमेकींवर चढवलेल्या आडव्या फळ्यांच्या खालच्या फटी बुजवल्या, तर पाण्याची बाहेर पडण्याची वाटच बंद होते. खिडकीच्या वर पाणी बाहेर वळवणारी धातूची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, बसवावी आणि तिच्या पुढच्या कडेला सीलंट लावू नये. खिळे स्टेनलेस स्टीलचे किंवा चांगल्या जस्तलेपाचे घ्यावेत. साध्या खिळ्यांच्या गंजाचे तांबूस ओघळ नव्या रंगावरही उमटतात.

फायबर सिमेंटवर थेट तैलरंग देऊ नये, कारण सिमेंटचा अल्कधर्मी गुण तो रंग कमकुवत करतो. क्षारांना टिकणारा प्राइमर आणि त्यावर ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्यावेत. प्राइमर कारखान्यातूनच लावून आला असेल, तर अंतिम रंग किती दिवसांत द्यायचा ही उत्पादकाने दिलेली मुदत पाळावी. तापलेल्या भिंतीवर भर उन्हात रंग लावू नये, कारण तो नीट पसरण्याआधीच वाळतो. पहिला पावसाळा सरल्यावर फळ्यांच्या खालच्या कडा आणि खिडक्यांचे कोपरे हात लावून तपासावेत. तेथे रंगाला फुगवटे दिसल्यास नुसता नवा हात न मारता ती फळी सोडवून पाणी कोठून येते ते पाहावे.