सार्वजनिक गोल्फ कोर्स चालत नाही? आधी या चुका तपासा

महापालिकेचं गोल्फ कोर्स तोट्यात गेलं की बैठकीत दोनच सूचना येतात: फी वाढवा, नाहीतर जमीन मोकळी करा. त्याआधी एक आकडा मागवून घ्या. ज्या शहराची ही जमीन आहे, तिथले किती लोक वर्षातून एकदा तरी फाटकातून आत येतात? अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात अशी सार्वजनिक कोर्स गावोगावी आहेत. आपल्याकडे दिल्लीत डीडीएचं (दिल्ली विकास प्राधिकरणाचं) कुतुब गोल्फ कोर्स आहे, खारघरला सिडकोचं आहे. बहुतेक ठिकाणी दुखणं एकच असतं: मालकी जनतेची आणि थाट खासगी क्लबचा.

कुंपण घालून विसरून जाणं

खेळणारे आणि फिरणारे एका मैदानावर नांदू शकत नाहीत असं कुणी ठासून सांगितलं, तर त्याला स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज दाखवा. तिथलं ओल्ड कोर्स गोल्फची पंढरी मानलं जातं आणि ते आहे गावाच्या सामाईक जमिनीवर. तिथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेत नोंदलेला आहे. एरवी रविवारी तिथे गोल्फ बंद असतं, आणि जिथे खेळायला जगभरातून लोक नंबर लावतात त्या फेअरवेवर (खेळायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) गावातली माणसं पोरंबाळं, कुत्री घेऊन फिरतात. इतर दिवशीही पहिल्या आणि अठराव्या होलला (होल म्हणजे सुरुवातीच्या फटक्यापासून चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा टप्पा) आडवा छेदत ग्रॅनी क्लार्क्स विंड नावाचा वहिवाटीचा रस्ता जातो. एखाद्या आजीबाई तिथून निघाल्या की टीवरचा (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरचा) खेळाडू, कितीही मोठा असो, काठी खाली टेकवून त्या पलीकडे पोचेपर्यंत थांबतो.

शेजारीच ‘हिमालय’ नावाचं पटिंग ग्रीन आहे, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून खळग्यात घालायची बारीक गवताची जागा. उंचवटे इतके की चेंडू भलतीकडेच घरंगळत जातो. १८६७ मध्ये स्थापन झालेला महिलांचा पटिंग क्लब ते सांभाळतो आणि थोड्या पैशांत कुणालाही तिथे खेळता येतं. गोल्फचा गंध नसलेलं कुटुंब तासभर रमतं. माझं मत विचाराल तर तोट्यातल्या कोर्सने पहिला खर्च असल्या ग्रीनवर करावा, क्लबहाउसच्या फरशीवर नव्हे.

लोकांना वर्षानुवर्षं बाहेर ठेवलं की काय होतं ते ऑस्ट्रेलियात दिसलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मेलबर्नच्या नॉर्थकोट कोर्सवर गोल्फ थांबलं आणि आसपासचे लोक आत शिरून बागेसारखं फिरू लागले. खेळ पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा वाद पेटला. सिडनीत मूर पार्कचं १८ होलचं कोर्स निम्मं करून २० हेक्टर जमीन उद्यानाला देण्याचं राज्य सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलं. ज्यांनी कोर्स कधी आतून पाहिलंच नाही, त्यांनी ते वाचवायला धावून यावं ही अपेक्षाच चुकीची.

अठरा होलचा हट्ट

नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाकडे खेळायला चार-साडेचार तास नसतात. फ्लॉरिडातल्या विंटर पार्क शहराने २०१६ मध्ये आपल्या जुन्या ९ होलच्या कोर्सची डागडुजी केली. ते वाढवून अठराचं करायच्या भानगडीत न पडता ग्रीन नव्याने घडवली. गावाच्या मधोमध असलेलं, दोन तासांत पायी खेळून होणारं हे छोटं कोर्स आता देशभरातल्या गोल्फवाल्यांच्या बोलण्यात असतं. जागा कमी असेल, पाणी कमी असेल, तर नऊ चांगले होल अठरा रडतखडत चाललेल्या होलपेक्षा कधीही बरे.

कात्री भलतीकडे चालवणं

पैसे कमी पडले की पहिली कात्री ग्रीनच्या देखभालीवर चालते. इथेच घसरण सुरू होते. १८ होलचं कोर्स साधारण १२० ते १५० एकरांवर पसरलेलं असतं आणि सगळी ग्रीन मिळून जेमतेम तीन एकर. पण पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागणारे एकूण फटके, ७२ धरला तर त्यातले ३६ फटके पटिंगचे. गवत उडालं, खड्डे पडले की नेहमीचा खेळाडू दुसरीकडे जातो आणि मिळकत आणखी घटते.

वाचवायचंच असेल तर कडेचं गवत कापणं कमी करा, तिथे स्थानिक गवत वाढू द्या. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, निम्मे बुजवा. प्रत्येक बंकर हाताने विंचरावा लागतो, पावसात वाळू वाहून जाते, आणि नवशिक्याला तो नकोच असतो. फेअरवेवर पाणी साचत असेल तर बियाणं बदलू नका, आधी निचरा बघा. कोकणातल्या पावसात तर बाकी सगळं त्यानंतर. उन्हाळ्यासाठी पिण्याचं पाणी वापरत असाल तर लोकांच्या शिव्या खायची तयारी ठेवा. ॲरिझोनातल्या टूसॉनसारख्या वाळवंटी शहरात पालिकेच्या कोर्सवर प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात.

टी टाइम दलालांच्या हाती सोडणं

कोविडनंतर अमेरिकेत गर्दी इतकी वाढली की उलटाच त्रास सुरू झाला. लॉस एंजेलिसमध्ये पालिकेच्या कोर्सचे सकाळचे टी टाइम (खेळ सुरू करायच्या आरक्षित वेळा) क्षणात संपायचे आणि मग दलाल ते मेसेजिंग ॲपवर चढ्या भावाने विकायचे. आपल्याकडच्या तत्काळ तिकिटांसारखाच प्रकार. २०२४ मध्ये शहराने माणशी १० डॉलरची परत न मिळणारी अनामत लावली. बुकिंग फुकट आणि रद्द करणंही फुकट असेल तर दलाल येणारच. शिवाय काही टी टाइम थेट खिडकीवर येणाऱ्यांसाठी राखून ठेवा. न्यूयॉर्क राज्याच्या बेथपेज ब्लॅकवर लोक त्यासाठी रात्रभर गाडीत झोपतात. २००२ मध्ये यूएस ओपन झालेल्या त्या कोर्सवर राज्यातल्या रहिवाशांना बाहेरच्यांपेक्षा कमी फी पडते. नाव मोठं झालं म्हणून स्थानिकांचा दर वाढवायलाच हवा असं नाही.

‘सर्वांचे स्वागत’ पाटीपुरतं

कॉलरचा शर्ट नाही म्हणून पोराला परत पाठवणारं काउंटर तुमच्या सगळ्या जाहिरातींवर पाणी फिरवतं. अमेरिकेत या प्रश्नाची मुळं खोल आहेत. कृष्णवर्णीय खेळाडूंना इतर कोर्सवर मज्जाव होता म्हणून वॉशिंग्टनमध्ये १९३९ साली लँग्स्टन कोर्स सुरू झालं. अटलांटाची पालिकेची कोर्स सर्वांना खुली व्हायला १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. असा इतिहास असलेल्या ठिकाणी नुसता दरवाजा उघडा ठेवून भागत नाही. भाड्याने काठ्या, संध्याकाळी नवशिक्यांचा राखीव तास, मुलांना नाममात्र फी, एवढं तरी हवं. तिकडच्या ‘यूथ ऑन कोर्स’ योजनेत मुलं ५ डॉलर किंवा त्याहून कमी पैशांत खेळतात.

हिशेबातली गडबड

ताळेबंद दोनदा वाचा. मुख्यालयाच्या खर्चाचा वाटा कोर्सच्या माथी मारून मग ‘बघा, तोटा’ म्हणणं सोपं असतं. वाचनालयाला आपण नफा विचारत नाही. उलट, चांगल्या वर्षातली शिल्लक दुसऱ्या खात्याकडे वळवली तर पंधरा-वीस वर्षांनी पाण्याच्या पाइपलाइन फुटतात तेव्हा तिजोरीत काही नसतं. दुरुस्तीचा निधी वेगळा काढा.

आणि सेंट अँड्र्यूज बघून उद्या सगळीकडची कुंपणं पाडू नका. फेअरवे अरुंद, लगत घरं आणि शाळा असतील तर खेळ चालू असताना पायवाट धोक्याची. तिथे आठवड्यातली एक संध्याकाळ खेळ पूर्ण बंद ठेवून फाटक उघडा, आणि औषधफवारणी त्याच्या पुढे-मागे येणार नाही हे माळ्यांबरोबर आधी ठरवून घ्या.