सापाच्या खाद्यासाठी घरी कोणते उंदीर वाढवावेत?

मराठीत इंग्रजांचा माउसही उंदीरच आणि रॅटही उंदीरच. घूस तेवढी वेगळी. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये कॉर्न स्नेक (बिनविषारी सडपातळ साप) अथवा बॉल पायथन (लहान जातीचा अजगर) पाळणाऱ्या मराठी माणसाला मात्र हा भेद आधी पक्का करावा लागतो, कारण पैदाशीचे सगळे गणित त्यावर उभे असते. म्हणून या लेखात माउसला छोटा उंदीर आणि रॅटला मोठा उंदीर म्हटले आहे. भारतातील वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की धामण, नाग, अजगर असे देशी साप घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या विदेशी सापाची २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

पायरी १ : पैदास हवीच का, ते ठरवा

पूर्ण वाढलेला बॉल पायथन दोन-तीन आठवड्यांतून एकदा खातो. म्हणजे वर्षाला साधारण वीस-पंचवीस उंदीर. मोठ्या उंदरांची एक मादी नराजवळच राहिली तर तेवढी पिल्ले दोन-तीन वेतांतच देते. एकच साप असेल तर गोठवलेले उंदीर विकत घेणे स्वस्त पडते, घरात वास येत नाही आणि रोजची साफसफाईही टळते. पैदाशीचा विचार तीन-चार सापांपासून पुढे करावा. तीन प्रौढ कॉर्न स्नेक दर बारा दिवसांनी एकेक छोटा उंदीर खातात असे धरले, तर वर्षाला सुमारे नव्वद उंदीर लागतात. एक नर आणि दोन माद्या, प्रत्येकीची विश्रांती देऊन घेतलेली वर्षाला सहा वेते आणि वेताला सरासरी आठ पिल्ले धरली, की ही गरज जेमतेम भागते.

पायरी २ : साप आज केवढा आहे ते नव्हे, मोठेपणी केवढा होईल ते पाहा

भक्ष्य सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढे किंवा थोडे कमी जाड असावे, हा सोपा नियम. कॉर्न स्नेकचे नवजात पिल्लू एक-दोन ग्रॅमचे गुलाबी, केस न फुटलेले छोट्या उंदराचे पिल्लू गिळते आणि प्रौढपणीही त्याचे पंचवीस-तीस ग्रॅमच्या छोट्या उंदरावर भागते. बॉल पायथनचे तसे नाही. दीड-दोन किलोच्या मादीला छोटे उंदीर देत बसल्यास एका जेवणाला तीन-चार लागतात, शिवाय साप त्याच वासाला चटावतो आणि पुढे मोठा उंदीर नाकारतो. साप ज्या भक्ष्यावर वाढतो त्याचा वास तो सहसा सोडत नाही. त्यामुळे बॉल पायथनला शक्य तितक्या लवकर मोठ्या उंदराच्या पिल्लांवर आणावे.

पायरी ३ : जात निवडा

छोट्या उंदराचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा, पिल्ले तीन आठवड्यांत दूध सोडतात आणि सहा-आठ आठवड्यांत स्वतः वयात येतात. जागा कमी लागते. दोष एकच, पण मोठा : नराच्या लघवीचा उग्र दर्प, जो रोज साफ केले तरी पूर्ण जात नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हे आधीच घरच्यांशी बोलून घ्यावे.

मोठ्या उंदराचा गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा, वेताला आठ ते बारा पिल्ले. नवजात पिल्लू पाच-सहा ग्रॅमचे असते आणि तीन आठवड्यांत पूर्ण वाढलेल्या छोट्या उंदराला वजनात मागे टाकते. म्हणजे एकाच टोपलीतून लहान सापालाही खाद्य मिळते आणि मोठ्यालाही. शिवाय हा प्राणी माणसाळतो, सहसा चावत नाही, आणि त्याचा वासही सौम्य असतो. बॉल पायथन किंवा बोआ (अजगरासारखा विळखा घालणारा साप) पाळणाऱ्याला मी डोळे झाकून हाच सुचवेन. अडचण असलीच तर ती मनाची : इतक्या हुशार जनावराचा लळा लागतो.

आफ्रिकन सॉफ्ट-फर ही उंदराची आणखी एक जात; आकाराने हा दोघांच्या मधला, साधारण पन्नास ते ऐंशी ग्रॅमचा. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतलाच, आणि हट्टाने उपाशी राहणारे साप हा उंदीर बहुधा आनंदाने खातात. पण तो चपळ आहे, कडकडून चावतो आणि प्लास्टिक कुरतडून पळतो.

जर्बिल या वाळवंटी उंदराला वास जवळजवळ नसतो, परंतु वेत चार-सहा पिल्लांचे आणि कॅलिफोर्नियात तो पाळण्यावर बंदी आहे. हॅमस्टरची मादी नरावर तुटून पडते. गिनीपिगचा गर्भकाळ दोन महिन्यांहून अधिक, म्हणून तो विचारातही घेऊ नये. घरात किंवा शेतात पकडलेला उंदीर तर मुळीच नको : त्याच्या पोटात विष असू शकते आणि अंगावर परजीवी.

पायरी ४ : थोड्या उंदरांपासून सुरुवात करा

एक नर आणि दोन माद्या पुरेत. मादी व्याल्यानंतर चोवीस तासांतच पुन्हा माजावर येते; नर जवळच असेल तर ती दूध पाजता पाजता गाभण राहते आणि लवकर खंगते. म्हणून पोटुशी दिसू लागताच तिला वेगळे करावे. खाली अ‍ॅस्पेन या झाडाच्या लाकडाचा भुसा घालावा. देवदार किंवा पाइनचा नको, कारण त्यातील तेलकट द्रव्यांनी श्वसनाचे विकार होतात. खायला प्रयोगशाळेतील उंदरांसाठी बनणाऱ्या गोळ्या, पाणी नळीच्या बाटलीतून, तापमान २० ते २६ अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात खोली तिसाच्या वर गेली की वेते घटतात. अमेरिकेत २०१७ मध्ये पाळीव उंदरांतून माणसांना सोल विषाणूची (हंता विषाणूचा एक प्रकार) लागण झाली होती, त्यामुळे नवे उंदीर माहितीतल्या माणसाकडूनच घ्यावेत आणि हात साबणाने धुवावेत.

पायरी ५ : मारणे, गोठवणे, खाऊ घालणे

जिवंत उंदीर सापापुढे सोडू नये. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडून काढतो. कार्बन डायऑक्साइड डब्यात हळूहळू भरून मारण्याची रीत पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी, विशेषतः नवजात पिल्लांसाठी, कारण त्यांच्यावर हा वायू फार सावकाश काम करतो. जिवंत उंदीर फ्रीझरमध्ये टाकणे हा निव्वळ क्रूरपणा होय. मेलेले उंदीर आकारानुसार पिशव्यांत भरून, तारीख घालून, घरच्या अन्नापासून वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि सहा महिन्यांत संपवावेत. द्यायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये वितळवून, मग पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून अंग उबदार झाले की चिमट्याने पुढे करावे. मायक्रोवेव्हमध्ये पोट फुटते.