पुण्याजवळच्या गावात राहायला जाताय? या चुका टाळा

मी पौड रस्त्याच्या आत एका गावात राहते आणि नोकरीला रोज पुण्यात जाते. त्यामुळे ओळखीत ज्याला कुणाला फ्लॅटचा कंटाळा येतो, त्याचा फोन मला येतो. "ताई, मुलांना अंगण हवं." "आईबाबांना मोकळी हवा मिळेल." "अंतर काय हो, पंचवीस किलोमीटर!" मी दोन-चार प्रश्न विचारते आणि मग हळूच कळतं, की टोकन देऊन झालंय. सल्ला नको असतो, शाबासकी हवी असते.

बहुतेक जण घर बघतात, गाव बघतच नाहीत. बघितलं तरी त्याच्या सगळ्यात चांगल्या वेळी बघतात, आणि घरातल्या एकाच माणसाच्या सोयीने.

रविवारी सकाळी जाऊन गाव बघणं

एजंट रविवारी सकाळी आठलाच बोलावतो, ते उगाच नाही. त्या वेळी चांदणी चौकातून पिरंगुट बघता बघता येतं. लोक नकाशाचा स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये चांदणी चौकातला नवा पूल सुरू झाला, तेव्हापासून तर "आता काय, रस्ता मोकळा" हे वाक्य ऐकून कान किटलेत. चौक सुटला हे खरं. पण पुढे भूगाव आहे. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि तिथून पुढे मंगल कार्यालयं नि लॉन. लग्नसराईत मुहूर्ताच्या संध्याकाळी तिथून गाडी काढून दाखवा, मग बोलू. शिवाय हाच रस्ता मुळशी धरणाकडे आणि ताम्हिणी घाटाकडे जातो. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी मोकळा वाटलेला रस्ता संध्याकाळी परतणाऱ्या गाड्यांनी भरतो. घर बघून दुपारच्या जेवणाला कोथरूडात परतलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही.

माझ्या आधीच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं ऐका. नवरा हिंजवडीत, ती कॅम्पात, थोरली तिसरीत, धाकटा सिनियर केजीत, सोबत सासूबाई. घर छान होतं, खोटं कशाला बोलू. पुढे अंगण, मागे डोंगर. येण्याजाण्याचा हिशेब नवऱ्याने केला होता: घोटावडे फाट्यावरून माणमार्गे हिंजवडी, शहरात शिरायची गरजच नाही. तो हिशेब बरोबर निघाला. बाकीच्या चौघांचा कुणी केलाच नव्हता.

शाळा कोथरूडची. बस गावात येणार नाही, फाट्यापर्यंतच येईल, हे जूनमध्ये कळलं. फाटा घरापासून दोन-अडीच किलोमीटर. म्हणजे सकाळी सव्वासहाला दोन मुलं आणि दोन दप्तरं अ‍ॅक्टिव्हावर घेऊन, जुलैच्या पावसात, खडी उखडलेल्या रस्त्याने ही बाई फाट्यावर हजर. तिथून परत घरी, डबे, सासूबाईंचं औषधपाणी, मग स्वतःची कॅम्पची वारी. दुपारी मुलांना फाट्यावरून आणणार कोण? सासूबाईंना गाडी येत नाही. एक रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरवला, पण त्याला लग्नाचं भाडं लागलं, की मुलं वडापावच्या गाडीपाशी बसून. सासूबाईंचं भजनी मंडळ कोथरूडात राहिलं. तिथे बसने जायचं म्हटलं तर पुन्हा आधी फाटा गाठा. दिवाळीनंतर त्यांनी कोथरूडात फ्लॅट भाड्याने घेतला. आता शनिवार-रविवार गावच्या घरी जातात आणि परतताना भूगावात अडकतात. नवऱ्याचं आजही म्हणणं आहे, की लोकेशन उत्तम होतं.

मी काय करते ते सांगते, त्यात शास्त्र वगैरे काही नाही. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेसहापासून फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी उभं राहायचं. गुरुवार नको, कारण पुण्याच्या आसपास बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि रस्ता फसवतो. शाळेच्या बसला किती मुलं येतात, त्यांना सोडायला कोण येतं, पीएमपीची बस येते का आणि आली तर आत पाय ठेवायला जागा असते का, हे सगळं दोन चहांत कळतं. मग तिथूनच ऑफिसला जायचं आणि सुटल्यावर तिथेच परत यायचं. घरातल्या प्रत्येकाचा दिवस असा चालून बघायचा, आणि ज्याला गाडी चालवता येत नाही त्याचा सगळ्यात आधी. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारणाऱ्यांनी पुढची पंधरा वर्षं रोजचे तीन तास कुठून आणणार आहेत ते सांगावं.

प्रत्येक दिशेचं दुखणं वेगळं आहे. नगर रस्त्याला वाघोली आणि केसनंद फाटा. चाकणकडे कंटेनर. सासवडला दिवे घाट, आणि माउलींची पालखी घाट चढते त्या दिवशी तो वाहनांना बंदच असतो, तेव्हा बोपदेव घाटाने जा किंवा सुट्टी टाका. माझं मत विचाराल तर लोक रेल्वेला फार कमी लेखतात. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत या पट्ट्यात लोणावळा लोकल आहे आणि तिला भूगाव लागत नाही. फक्त दुपारचं वेळापत्रक नीट बघा, तिथे मोठा खंड असतो. दौंडच्या बाजूला लोणी, उरुळी, यवत, केडगाव आहेत, पण गाड्या मोजून घ्या. एक चुकली तर पुढची कधी, हा खरा प्रश्न. आणि ऑफिस हिंजवडीत असेल तर लोकलच्या भरवशावर कामशेतला घर घेऊ नका. स्टेशनपासून पुढचा प्रवासच जीव काढेल.

सप्टेंबरमध्ये विहीर बघून खूश होणं

पुण्याच्या पूर्वेचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. पुरंदर, शिरूर, दौंड इथे सह्याद्रीकडच्या मुळशी-मावळासारखा पाऊस पडत नाही. तरी लोक श्रावण-भाद्रपदात जातात, ओढा वाहताना बघतात आणि "पाण्याला मरण नाही" असं ठरवून येतात. माझ्या एका मावसभावाने असंच पुरंदर तालुक्यात रो-हाउस घेतलं. विहिरीला हाताने पाणी घेता येत होतं. बोअरला तीन इंची पाणी आहे म्हणून सांगितलं होतं. मार्चमध्ये बोअर तासाभरात उचक्या द्यायला लागला, एप्रिलमध्ये टँकर सुरू झाला. बरं, टँकर बोलावला की लगेच येतो असंही नाही. मे महिन्यात सगळ्यांनाच हवा असतो.

"पण नळ आहे ना!" हो, आहे. जल जीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं आणि खूप गावांत घरोघरी नळ पोहोचले. त्या योजनेचं प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे. शहरी योजनांचं 135. आपण जाताना वॉशिंग मशीन, शॉवर आणि कुंड्या शहराच्या हिशेबाने घेऊन जातो. शिवाय माझ्या भावाकडे नळाला पाणी दिवसाआड यायचं, तेही सकाळी दहाला, अर्धा तास. त्या वेळी घरात कोण? म्हणून ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस कोण, तो किती वाजता कुठल्या आळीला पाणी सोडतो, हे विचारा. सरपंचाची ओळख नसली तरी चालते, या माणसाची हवीच.

गाव बघायला मे महिन्यातच जा. गच्च्यांवर किती टाक्या आहेत ते बघा. किराणा दुकानाबाहेर वीस लिटरच्या जारचा ढीग आहे का ते बघा. एजंटला विचारू नका, हापशावरच्या बायकांना विचारा; त्या आकडा सांगणार नाहीत, पण "तुम्ही घेताय होय इथं?" असं म्हणून हसल्या तर समजून जा.

पाणी भरपूर असलं तरी कसलं, हा पुढचा प्रश्न. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण एकामागून एक सापडले. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी ही तिथली नावं. धरणाच्या इतकी जवळ असलेली ही गावं! धायरी 2017 मध्ये आणि बाकीची तीन 2021 मध्ये महापालिकेत गेली होती, तरी शुद्धीकरण केंद्रातलं पाणी सगळीकडे पोहोचलेलं नव्हतं. विहिरीचं पाणी क्लोरिन टाकून दिलं जात होतं. गाव पालिकेत गेलं की सुविधा येतात, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मी एवढंच विचारते: कुठल्या साली? मुळा-मुठेच्या खालच्या अंगाला, मांजरी-थेऊरकडे घर बघत असाल तर नदीपासून किती लांब आहे ते मोजा, आणि डास बघायला संध्याकाळी जा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यायला घराच्या किमतीच्या मानाने काहीच खर्च येत नाही. तरीही कुणी करत नाही. टाइल्स मात्र तीन दुकानांत फिरून निवडतात.

झेडपीच्या शाळेला न बघताच नाक मुरडणं

गावात राहायचं मुलांसाठी, आणि मुलांनी दिवसातले दोन-अडीच तास बसमध्ये काढायचे. हा उद्योग मला कधी कळलेला नाही. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी शहरातून लोक रांगा लावत होते. प्रत्येक गावात वाबळेवाडी नसते, मान्य. पण मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन या. पोरं मोकळी बोलतात का, शिक्षक किती आणि वर्ग किती, एवढं बघा. शाळा चौथीपर्यंत आहे की सातवीपर्यंत, आणि पुढचं हायस्कूल कुठे, हेही विचारा. तिसरीतलं पोर दोन वर्षांत पाचवीत जातं.

उरलेल्या चुका

"एक गुंठा घ्या, नंतर सातबारावर नाव लावू." एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, शेतजमिनीचा एवढा तुकडा दहा जणांच्या सामायिक नावावर घेऊन त्यावर घर बांधलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यातली एकही शांत झोपत नाही. तुकडेबंदीचे, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडायला आळा घालणारे, नियम बदलत राहतात, म्हणून एजंटच्या तोंडून नाही, स्वतः नेमलेल्या वकिलाच्या तोंडून ऐका. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नोंद आहे म्हणजे बांधकाम मंजूर आहे असं नसतं. ती कर आकारणीची नोंद आहे.

जमिनीचा गट नंबर घेऊन झोन दाखला काढा, म्हणजे आराखड्यात ती जमीन कशासाठी दाखवली आहे ते कळतं. रिंगरोड किंवा विमानतळ येणार म्हणून भाव वाढेल, हे सगळे सांगतात. तो तुमच्याच अंगणातून जाणार का, हे कुणी सांगत नाही.

दवाखाना रात्री दोनला उघडा असतो का ते रात्रीच जाऊन बघा, विशेषतः घरात म्हातारं माणूस असेल तर. प्राथमिक आरोग्य केंद्राची पाटी आहे म्हणजे डॉक्टर मुक्कामी आहे असं नव्हे.

खडी क्रशर. वाघोली-लोणीकंदच्या बाजूला वाऱ्याची दिशा बघा. झाडाच्या पानांवर बोट फिरवलं की कळतं. मुलाला दमा असेल तर तिथूनच परत फिरा.

जुन्नर-शिरूर-आंबेगाव-खेडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. गंमत नाही. संध्याकाळनंतर लहान मुलं अंगणात एकटी सोडायची नाहीत, हे तिथलं प्रत्येक घर पाळतं. अंगणासाठी जाणाऱ्यांनी हे आधी ऐकलेलं बरं.

घरून काम करायचं असेल तर लाइट किती वेळा जाते आणि गेल्यावर मोबाइलची रेंज टिकते का, हे शेजाऱ्याला विचारा.

यात्रेला स्पीकर लागणार, पहाटे काकडआरती होणार, शेजारचा गोठा वास मारणार. याच्या तक्रारी करणाऱ्यांनी मगरपट्ट्यातच राहावं. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आल्या आल्या नियम शिकवायला लागणाऱ्यांनीही.

आणि शेवटचं, जे मी सगळ्यांना सांगते आणि जवळपास कुणी ऐकत नाही: आधी त्याच गावात भाड्याने राहा. भाडं वाया जातं म्हणतात. मैत्रिणीने आणि मावसभावाने काय वाया घालवलं ते वर लिहिलंच आहे. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो, तो जूनमध्ये सुरू करू नका. नेमका मे सुटतो.