प्रागचे सेंट व्हीटस कॅथेड्रल कसे पाहावे

प्रागमध्ये व्ल्तावा नदीच्या डाव्या तीरावरील टेकडीवर, राजवाड्याच्या आवारात, सेंट व्हीटस कॅथेड्रल उभे आहे. बरेच पर्यटक येथे घाईने एक फेरी मारून बाहेर पडतात. या वास्तूला मात्र किमान दीड तास द्यावा आणि तिचा जुना भाग कोणता व नवा कोणता हे ओळखत ती पाहावी, असे मला मनापासून वाटते.

वर जाण्यासाठी २२ क्रमांकाची ट्राम घेऊन ‘प्राझ्स्की ह्राड’ थांब्यावर उतरावे. तेथून चढ जवळजवळ लागत नाही. नदीकडून जुन्या पायऱ्यांनीही जाता येते, पण तो रस्ता परतीसाठी ठेवणे बरे. आवारात शिरताना सुरक्षा तपासणी होऊ शकते, म्हणून सामान कमी असावे. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधी, असल्यामुळे पर्यटकांना दुपारनंतरच प्रवेश मिळतो. इतर दिवशी दार उघडताच पोहोचावे, आणि वेळा व तिकिटाचे दर निघण्यापूर्वी राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

आपण पश्चिमेच्या दारातून आत जातो, म्हणजे इमारतीच्या सर्वांत नव्या टोकाकडून. पुढे सम्राट झालेल्या चौथ्या चार्ल्सच्या पुढाकाराने, १३४४ साली, अरासचा स्थपती मॅथियास याने पूर्वेकडून काम सुरू केले आणि त्याच्या मृत्यूनंतर १३५६ पासून तरुण पीटर पार्लरने ते पुढे नेले. पुढे पंधराव्या शतकातील हुसाइट युद्धांमुळे, म्हणजे येथील धार्मिक संघर्षामुळे, ते थांबले, आणि पश्चिमेकडील भाग एकोणिसाव्या शतकात हाती घेऊन अखेर १९२९ मध्ये पुरा झाला. त्यामुळे पूर्वेकडे टाकलेले प्रत्येक पाऊल आपल्याला मागच्या काळात नेते.

डावीकडच्या तिसऱ्या चॅपलमध्ये चेक चित्रकार अल्फोन्स मुखा यांची रंगीत काचेची खिडकी आहे. शेजारच्या खिडक्यांशी ताडून पाहिल्यास तिच्यातील चित्र काचेवर रंगवलेले आहे हे लक्षात येते. आडवे दालन ओलांडल्यावर मान वर करून पार्लरच्या छताकडे निवांत पाहावे. त्याच्या फासळ्या जाळीसारख्या एकमेकींना छेदत जातात, आणि त्या काळी ही रचना अतिशय धाडसी होती. छोटी दुर्बीण जवळ असल्यास वरच्या मजल्यावरील अर्धपुतळे शोधावेत. त्यांत राजघराण्यातील व्यक्तींबरोबर दोन्ही स्थपतीही आहेत. कारागिरांना मिळालेला हा मान मला या वास्तूतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पुढे नेपोमुकच्या संत जॉनची चांदीची भव्य समाधी लागते. १३९३ मध्ये त्याला याच व्ल्तावा नदीत फेकण्यात आले होते. देशाचा संरक्षक संत मानल्या जाणाऱ्या वात्स्लावच्या चॅपलच्या भिंतींत अर्धमौल्यवान खडे जडवलेले आहेत. तेथे दारातूनच पाहावे लागते, म्हणून गर्दी ओसरेपर्यंत थांबावे.

दक्षिण मनोऱ्याचे तिकीट वेगळे असते. पायऱ्या २८७, अरुंद आणि गोल आहेत. गुडघे दुखत असतील त्यांनी हा मोह टाळावा. त्याऐवजी दक्षिणेच्या चौकात जाऊन कॅथेड्रलच्या सुवर्णद्वारावरील, ख्रिस्ती श्रद्धेतील अंतिम न्यायाचे चौदाव्या शतकातील मोझेक (काचेच्या तुकड्यांचे चित्र) पाहावे, ज्याला तिकीट लागत नाही. त्यातील काचेत पोटॅशचे प्रमाण जास्त असल्याने पावसापाण्याने त्यावर राखाडी थर चढत असे. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या जतनकार्यात तो काढून वर संरक्षक लेप दिल्यामुळे आता आकृत्या खालूनही स्पष्ट दिसतात.